डीजेचा सेट नंतर घ्या, ऐकणारे आधी जमवा



लग्नसराई जवळ आली की वाशिम, रिसोड, कारंज्याकडच्या तरुणांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, डीजेचा सेट घ्यायचाय. कर्ज काढू का?" व्हिडिओत यावर थोडक्यात बोललो होतो. आज एका खऱ्या उदाहरणातून नीट समजून घेऊ. उदाहरण लंडनचं आहे, पण हिशेब आपल्या कामाचा आहे.

२००० च्या सुमारास दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला 'बिग ॲपल' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. तिथे हॅचा नावाचा डीजे काम करायचा. स्क्रीम आणि बेंगा ही तिथलीच शाळकरी पोरं, घरी बसून जड बेसचं संगीत बनवायची. पुढे याच संगीताला 'डबस्टेप' म्हणू लागले. मोठी रेडिओ स्टेशनं हे कशाला वाजवतील? मग ते वाजलं रिन्स एफएमसारख्या चोरट्या रेडिओवर. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन, उंच इमारतींच्या गच्चीवर अँटेना लावून विनापरवाना चालायचं.

आता यांची धंद्याची पद्धत बघा.

१. आधी एकच नग. नवीन ट्यून झाली की लगेच शेकडो रेकॉर्ड छापायच्या नाहीत. 'डबप्लेट' नावाची एकच तबकडी कापून घ्यायची. ती लवकर झिजते, पण चाचणीपुरती चालते.

२. मग चाचणी. डीजे ती क्लबमध्ये आणि रेडिओवर वाजवणार. लोक नाचले, पुन्हा मागितली, तर ट्यून पास.

३. मागणी दिसली तरच छपाई.

४. शेवटी सगळ्यांचा माल एकत्र. २००३ मध्ये टेम्पा या छोट्या कंपनीने 'डबस्टेप ऑलस्टार्स'चा पहिला भाग काढला. मिक्स हॅचाचा. अनेकांच्या ट्यून एकाला एक जोडून एकच सीडी. आपल्याकडे चार बचत गटांचे पापड-लोणचं एकाच नावाखाली विकतात ना, तसंच. हॅचाचं खरं भांडवल काय? त्याची निवड, आणि त्या निवडीवर बसलेला लोकांचा विश्वास.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विनापरवाना रेडिओ तिकडेही बेकायदाच होता. रिन्सला परवाना मिळाला २०१० मध्ये, म्हणजे १६ वर्षांनी. आपल्याला चोरटेपणा शिकायचा नाही, चाचणी शिकायची आहे. शिवाय आज खिशात मोबाइल आहे, गच्चीवर चढायची गरजच नाही.

आता तुमच्या कर्जाकडे या. समजा महिन्याचा हप्ता ८,००० रुपये. वर्षाचे झाले ९६,०००. एका ऑर्डरमागे खर्च जाऊन ४,००० उरले, तर २४ ऑर्डरी नुसत्या हप्त्यात गेल्या! हप्ता बाराही महिने येतो, ऑर्डरी मात्र सिझनला. बरं, मोठा आवाज हा तुमचा वेगळेपणा होऊ शकत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंदी आहे, दिवसाही डेसिबलची मर्यादा आहे. आणि तसे बॉक्स तर शेजारच्या गावातही आहेत. मग लोक तुम्हालाच का बोलावतील?

हे शोधण्यासाठी गृहपाठ:

- सेट विकत घेऊ नका. भाड्याने आणून तीन कार्यक्रम करा.
- भाडं, गाडी, डिझेल, पोरांची मजुरी वहीत लिहा. हातात काय उरलं ते खाली लिहा.
- कोणत्या गाण्यावर लोक उठले, कोणत्या गाण्यावर बसले, तेही लिहा. ही तुमची डबप्लेट.
- तुम्ही न विचारता किती जणांनी नंबर मागितला, ते मोजा.

तीन कार्यक्रमांनंतर स्वतःहून एकही फोन आला नाही, तर कर्ज काढू नका. आले, तर वही घेऊन बँकेत जा. तिथे तुमच्या उत्साहापेक्षा ती वही जास्त बोलेल.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वही उघडा, कामाला लागा!