कुलूप किती वाजता लागतं?

बरं झालं आलीस. काकूचा फोन येऊन गेला. दोन दिवस तू ताटाशेजारी कटऑफची यादी घेऊन जेवायला बसतेस म्हणे, आणि काका येताजाता त्यांच्या साहेबांच्या मुलाचं कॉलेज सांगतात. बस. चहा टाकलाय. मोबाइल इकडे दे, इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मसाठी काय यादी केलीस ते बघू दे.

वाटलंच मला. कटऑफच्या उतरत्या क्रमाने कॉलेजं लावलीस. सगळे असंच करतात, मीही केलं होतं. आपल्याला 92 पर्सेंटाइल, मग 88 ला मिळणारं कॉलेज वर लिहिलं तर मधले चार पाण्यात गेले असं वाटतं. अगं, कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी त्या दारात किती गर्दी होती त्याची नोंद. गर्दी कधी चांगल्या शिकवण्यामुळे होते, कधी जवळ आयटी कंपन्या आहेत म्हणून, आणि कधी पुण्यात मामा राहतो म्हणून. आकडा एकच दिसतो, कारण दिसत नाही.

आणि तू रकाना चुकीचा वाचतेयस. हे बघ. कोडच्या सुरुवातीला जी अक्षर असेल तो सर्वसाधारण, एल असेल तो मुलींचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यभरासाठी. तू तासगावची. सांगली-कोल्हापूर-कराडकडे तू घरची, पुण्यात पाहुणी. घरच्यांचा रकाना सोडून पाहुण्यांचा बघितलास आणि उगाच दोन रात्री झोप घालवलीस.

क्रम मात्र विचार करून लाव, कारण पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती आपोआप फ्रीज होते. मग "अय्या, मी सहज टाकलं होतं" असं म्हणून चालत नाही. पुढच्या फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, दादाच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं ते नको. वर स्वप्नातली दोन-चार खुशाल टाक. सांगलीचं वालचंद 1947 चं, कराडचं सरकारी 1960 चं, पुण्याचं सीओईपी तर 1854 पासूनचं. एवढ्या जुन्या ठिकाणी प्रत्येक कंपनीत एखादा माजी विद्यार्थी भेटतोच, हा फायदा खरा आहे. मिळालं तर सोनंच. पण तुला बहुधा मिळणार त्याच्या खालचं, आणि खरा गोंधळ तिथेच आहे.

तिथे मी एकच गोष्ट विचारते. प्रयोगशाळेला आणि वाचनालयाला कुलूप किती वाजता लागतं?

हसू नकोस. मला शहरातलं नावाजलेलं कॉलेज मिळालं होतं. आप्पांनी पेढे वाटले. गेटसमोर कारंजं, आत काचेची इमारत. आणि इलेक्ट्रॉनिक्सची लॅब साडेचारला बंद. प्रॅक्टिकलला एका किटवर आम्ही पाचजणी, एक जोडणी करायची, तिघी आकडे उतरवायच्या. आकडे न उतरवणारी मी पाचवी, मी फक्त बघायची. ड्रॉइंगच्या शीट तर सगळ्या जीटी मारून. माहीत नाही? काचेखाली बल्ब लावायचा, वर मैत्रिणीची शीट, त्यावर आपली, आणि गिरवायचं. मार्क पूर्ण पडले. पुढे नोकरीत पहिल्याच आठवड्यात साहेबांनी ड्रॉइंग पुढे ठेवलं, आणि टॉप व्ह्यू कुठला हे मला शेजारच्या आयटीआयवाल्या पोराने हळूच सांगितलं.

त्याच वर्षी माझी बारावीतली मैत्रीण गावाजवळच्या छोट्या कॉलेजात गेली होती. तिला माझ्यापेक्षा बरेच कमी मार्क, घरात सुतकच होतं म्हण ना. पण तिथले एक सर लॅबची किल्ली पोरांकडे ठेवायचे. दुसऱ्या वर्षाला असताना तिने वडिलांच्या द्राक्षबागेसाठी माती कोरडी झाली की पंप चालू करणारी डबी बनवली. पहिल्या पावसात ती बंद पडली, ते सोड. बंद का पडली हे तिला कळलं होतं, आणि मला अजून मल्टिमीटर धरायची भीती वाटत होती.

आता या गोष्टीचा दुसरा भाग, जो मी घरी फारसा सांगत नाही. तिसऱ्या वर्षी मी धीर करून लॅबच्या मामांना विचारलं, साडेचारलाच कुलूप का लावता? ते म्हणाले, "थांबतंय कोण? पोरं चारलाच कँटीनला. मी कुणासाठी उघडी ठेवू?" एचओडींच्या सहीचा एक अर्ज लागला, चार ओळींचा. त्यानंतर आम्ही तिघी सातपर्यंत थांबायचो. म्हणजे दोन वर्षं मी कॉलेजला नावं ठेवली आणि तोवर दार वाजवलंच नव्हतं. कॉलेजची चूक नव्हती असं नाही. पण सगळी त्याचीच नव्हती.

म्हणून कॉलेज बघायला जायचं ते चालू दिवशी. प्रवेशाच्या दिवसांत ते मांडव, फुगे आणि हसरे स्वयंसेवक असतात ना, तेव्हा नको. तिसऱ्या वर्षाच्या मुली गाठ, कँटीनला किंवा बसस्टॉपवर. पहिल्या वर्षाच्यांना काही माहीत नसतं आणि शेवटच्या वर्षाच्या प्लेसमेंटच्या तोऱ्यात किंवा धक्क्यात असतात. विचार: गणिताला यंदा किती सर बदलले? प्रोजेक्ट स्वतः करता की विकत आणता? हॉस्टेलवर रात्री ताप आला तर कोण नेतं? या प्रश्नावर त्या एकमेकींकडे बघून गप्प झाल्या तर समज.

माहितीपत्रकातल्या सर्वांत मोठ्या पॅकेजला भुलू नकोस. ते एका मुलाचं असतं. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती जणांना नोकरी लागली आणि पगाराचा मध्यांक किती, हे संकेतस्थळावर टाकावं लागतं. तो कागद शोध. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, एनबीएचं मानांकन एकेका ब्रँचचं, तेव्हा तुझ्या ब्रँचला आहे का ते बघ. आणि एआय, डेटा सायन्स अशा नव्या पाट्या दिसल्या की विचार, किती बॅच बाहेर पडल्या? शिकवतं कोण? कॉम्प्युटरच हवं हा हट्ट मला कळतो. पण तुला लहानपणी मिक्सर उघडून बसायची खोड होती, कॉम्प्युटर तू फक्त सिनेमे बघायला उघडलास. एवढं स्वतःशी बोल. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत आता दुसऱ्या शाखेचं मायनरही घेता येतं.

पैशांचं काकांना मी समजावते. 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरच्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं होतं. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांतूनच, झाला पाहिजे. म्हणून "मॅनेजमेंटची सीट आत्ताच बुक करा, मागाहून मिळणार नाही" असे फोन येतायत ना काकांना, ते ठेवून द्यायला सांग. खासगी विद्यापीठांना ही माफी लागू नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर उद्याच सेतूत टाका, ऐनवेळी तिथे रांग कशी असते ते काकांना विचार. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी झालाय ना ते बघायचं, माझी एक मैत्रीण दुसऱ्या वर्षी विसरली आणि तिच्या आईच्या पाटल्या गेल्या. मूळ मार्कशीट कुठल्याही कॉलेजला ठेवून घेता येत नाही, दाखवायची आणि परत आणायची.

आत गेल्यावर काय करायचं, ते तुला फार सांगत नाही, तू ऐकणारही नाहीस. दोनच गोष्टी. पहिल्या वर्षी मी वर्गात बोललेच नाही, कारण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असायचे. उत्तर येत असून गप्प. तू मराठीत विचार. तास संपल्यावर केबिनमध्ये जाऊन विचार, पण पहिल्या महिन्यात जा, कारण एकदा गप्प बसणारी म्हणून आपली ओळख झाली की ती पुसायला वर्षं जातात. दुसरं, अभ्यासाबाहेरचं एक काहीतरी धर. एकच हं. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर कर, नाहीतर पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत पडदे ओढायला जा. मी पडदेच ओढले, संवाद कुणी दिला नाही. पण रात्री तालमीनंतर कटिंग पीत बसलेले ते सात-आठ जण अजून माझे आहेत. वर्गातले बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाला केकचं चित्र टाकतात.

रॅगिंगची भीती वाटते? पहिल्याच दिवशी दोन सीनियर मुलींचे नंबर घे, आणि काही वावगं झालं तर मला आधी फोन, मग घरी. काकूला आधी सांगितलंस तर ती बॅग भरूनच येईल.

चहा गार झाला बघ तुझा. यादी आज रात्री नव्याने लिही, कटऑफ न बघता, आणि मग शेजारी कटऑफ मांड. कुठली तीन वर आली ते मला सांग. शुक्रवारी मी अर्धी रजा टाकते, स्कूटरवर आपण दोघी जाऊ, जवळचं आधी. चारच्या सुमाराला आत शिरू आणि मामा कुलूप घेऊन येईपर्यंत तिथेच बसू. काकूला सांगून ठेव, यायला उशीर होईल.