गाडीची पुढची काच तडकली : बसवायला कोणाकडे द्यावी?



आजचा पाठ कुठल्याच पुस्तकात नाही, पण विज्ञान, गणित आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय त्यात येतात. विषय आहे गाडीची पुढची काच. हायवेवर पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला एक खडा पुरतो. आधी मुगाच्या दाण्याएवढा डाग पडतो. मग त्याला पाय फुटतात आणि एखाद्या सकाळी बघावं तर तडा काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला असतो. लगेच फोनाफोनी सुरू होते. "स्वस्तात कोण बसवून देईल?" हा आपला पहिला प्रश्न, आणि बहुतेक वेळा शेवटचाही.

या लेखात सांगायचं आहे ते एवढंच : काच कोणत्या कंपनीची याइतकंच, किंबहुना थोडं जास्तच, ती कोण आणि कशी चिकटवतो याला महत्त्व आहे. चांगला कारागीर ओळखायला आपण स्वतः कारागीर असावं लागत नाही. नेमके प्रश्न विचारता आले की झालं.

आधी थोडं विज्ञान

गाडीच्या बाजूच्या खिडक्या आणि पुढची काच या सारख्या नसतात. बाजूची काच तापवून झटकन थंड केलेली, म्हणजे टफन्ड असते. ती फुटली की तिचे खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात. पुढची काच लॅमिनेटेड असते. काचेचे दोन पातळ थर आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पडदा, असं ते सँडविच. मधला पडदा साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. म्हणून पुढची काच तडकते, पण अंगावर कोसळत नाही. आपल्याकडे मोटार वाहन नियमांनुसार पुढची काच लॅमिनेटेडच हवी आणि तिच्यातून निदान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

तडा वाढतो का? तड्याच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. कापडाला एकदा चीर पडली की थोड्या ओढीनंही ते टराटरा फाटतं, तसंच हे. त्यात आपलं हवामान! विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा गार झोत सोडला की आतला थर आकसतो, बाहेरचा फुगलेलाच राहतो आणि तडा पुढे सरकतो. म्हणून खडा लागल्या दिवशीच डागावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे आत धूळ-पाणी जाणार नाही. गाडी सावलीत ठेवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका आणि एसी हळूहळू वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आजकालच्या बहुतेक मोटारींत पुढची काच बॉडीला चिकटवलेली असते. ती नुसती वारा अडवत नाही. गाडी उलटली तर छपराला आधार देण्यात तिचा वाटा असतो. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना चालकाशेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. अनेक गाड्यांत ही एअरबॅग डॅशबोर्डमधून वर उसळते, पुढच्या काचेला टेकते आणि मग प्रवाशाकडे वळते. पापणी लवायच्या आत हे सगळं घडतं. काच नीट चिकटलेली नसेल तर त्या धक्क्यानं काचच बाहेर निघू शकते. मग एअरबॅगला टेकायला काय उरलं? काच बसवण्याचं काम म्हणजे सुरक्षेचं काम, ते यासाठी.

बदलायचीच का, हा पहिला प्रश्न

डाग साधारण रुपयाच्या नाण्याहून लहान असेल, काचेच्या कडेपासून लांब असेल, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि फक्त बाहेरच्या थरात असेल, तर त्यात रेझिन भरून दुरुस्ती होऊ शकते. खूण पूर्ण जात नाही, पण तडा तिथेच थांबतो. अशा डागाला जो "आधी दुरुस्त करून बघू" म्हणतो, त्याच्याबद्दल तिथेच चांगलं मत करायला हरकत नाही. लांब तडा, कडेला पोहोचलेला तडा किंवा चालकाच्या डोळ्यांसमोरचा तडा असेल तर मात्र काच बदलणंच बरं.

कोणाकडे जायचं? चार पर्याय

कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर : काच मूळ प्रकारचीच मिळते, विम्याची कागदपत्रं तिथेच होतात. खर्च जास्त येतो, नंबर लागायला वेळ जातो. काही ठिकाणी काचेचं काम बाहेरच्या माणसाला बोलावून करून घेतात, म्हणून "प्रत्यक्ष काम कोण करणार?" हे तिथेही विचाराच.

फक्त गाड्यांच्या काचांचं काम करणारं केंद्र : रोज हेच काम, त्यामुळे हात बसलेला असतो आणि साधनं असतात. पण एकाच नावाच्या दोन शाखांतले कारागीर वेगळे असतात, हे लक्षात ठेवा.

गावातलं काचेचं दुकान : ओळखीचा माणूस, दर कमी, अडचण आली तर समोर उभा. मात्र जुन्या जीप, ट्रक, बस यांच्या काचा जाड रबरात दोरीने ओढून बसवायच्या असतात आणि अनेक जुने कारागीर त्यात तरबेज आहेत. चिकटवायच्या काचेची विद्या वेगळी. आपल्या गाडीला कोणती पद्धत आहे ते आधी जाणून घ्या आणि त्या पद्धतीचा हात त्यांना आहे का ते विचारा.

घरी येऊन काच बसवणारे : सोय उत्तम. पण जागा कोरडी, छपराखालची आणि धूळ नसलेली हवी. पावसाळ्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये हे काम करून घेऊ नका.

यातला कुठला एकच पर्याय नेहमी बरोबर, असं नाही. गल्लीतला कारागीर मोठ्या सेंटरपेक्षा सरस निघू शकतो आणि उलटही होऊ शकतं. पाटी बघून ठरवू नका. उत्तरं ऐकून ठरवा.

विचारायचे सहा प्रश्न

१. काच कोणती? काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचं नाव आणि आयएसआय चिन्ह छापलेलं असतं. भारतीय मानक आहे आयएस २५५३, भाग २. गाड्यांच्या काचा आपल्याच चाकण भागातही बनतात, त्यामुळे प्रमाणित काच मिळणं अवघड नाही. बसवण्याआधी ते चिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

२. कशाने चिकटवणार? उत्तर "पीयू", म्हणजे पॉलियुरेथेन, असं यायला हवं. "सिलिकॉन लावतो, पाणी येणार नाही" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. सिलिकॉन पाणी अडवेल, पण गाडीचा भार आणि एअरबॅगचा धक्का पेलणं हे त्याचं काम नव्हे. पीयूच्या पाकिटावरची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. आपण औषधाची तारीख बघतो, तसंच.

३. जुनी काच कशी काढणार? तार किंवा खास सुरीने जुना चिकटथर कापतात आणि त्याचा पातळ थर बॉडीवर ठेवून त्यावर नवा लावतात. घाईत पत्र्याचा रंग खरवडला गेला तर तिथे गंज धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी ठिबकायला लागतं. "ओरखडा पडला तर प्रायमर लावता ना?" हे विचारा.

४. गाडी कधी चालवायची? पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. किती वेळ लागेल ते त्या चिकटद्रव्यावर, तापमानावर आणि हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून असतं : कधी तासाभरात काम होतं, कधी बरेच तास थांबावं लागतं. ठरावीक वेळ सांगून त्याचं कारणही सांगणारा माणूस खरा. "लगेच न्या, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

५. कॅमेरा आणि सेन्सर असतील तर? पाऊस ओळखणारा सेन्सर किंवा रस्ता बघणारा कॅमेरा काचेला लागून असेल तर नवी काच त्याच प्रकारची हवी आणि नंतर कॅमेऱ्याची जुळणी करून घ्यावी लागते. तशी सोय त्यांच्याकडे आहे का?

६. बिल आणि हमी लेखी देणार का? पक्क्या बिलावर काचेचा प्रकार, चिकटद्रव्य आणि गळतीची हमी लिहून घ्या. पुढे वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. हातात बिल नसेल तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

विम्याचं गणित : आठवीच्या वर्गात घेण्यासारखं

विमा सर्वसमावेशक असेल तरच काचेचा खर्च मिळतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर नाही. काच काढण्याआधी विमा कंपनीला कळवून फोटो किंवा पाहणी करून घ्यावी लागते. काचेवर घसारा कापत नाहीत, ही जमेची बाजू. पण १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १००० रुपये आपल्याला भरावे लागतात, त्याहून मोठ्या इंजिनाला २०००.

आता उदाहरण घेऊ. समजा, लहान गाडीचं बिल ७,००० रुपये झालं. कंपनीकडून मिळाले ६,०००. फायदाच झाला ना? थांबा. दावा न केल्याची सवलत, म्हणजे एनसीबी, वर्षागणिक २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढत जाते. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता ८,००० आहे आणि यंदा ३५ टक्के सवलत मिळणार होती. दावा केला की ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं.

हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांतला फरक असा : पहिल्या वर्षी ३५ टक्के, म्हणजे २,८००. दुसऱ्या वर्षी ४५ ऐवजी २०, म्हणून २,०००. तिसऱ्या वर्षी ५० ऐवजी २५, पुन्हा २,०००. चौथ्या वर्षी ५० ऐवजी ३५, म्हणून १,२००. पाचव्या वर्षी ५० ऐवजी ४५, म्हणून ४००. बेरीज ८,४००. सहा हजार मिळवायला आठ हजार चारशे गेले!

सगळ्यांना हेच गणित लागू पडेल असं नाही. काही पॉलिसींत एनसीबी राखण्याची वेगळी सोय घेतलेली असते, आणि महागड्या काचेचं बिल मोठं असलं तर दावा करणंच शहाणपणाचं. म्हणून दाव्याआधी कंपनीला विचारा : "फक्त काचेच्या दाव्याने माझी एनसीबी जाते का?" शेकडेवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्या.

काच बसल्यावर

गाडी ताब्यात घेताना घाई नको. चारही बाजूंची फट सारखी आहे का ते बघा. आत बसून समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहत डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. खांब लाटेसारखा वाकडा दिसला तर काचेत दोष आहे. कारागिराने लावलेल्या पट्ट्या तो सांगेल तोवर काढू नका. पहिला दिवसभर दारं आपटू नका, एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या चिकटथरावर दाब देते. जोरदार फवाऱ्याने धुणं दोन दिवस टाळा.

आणि हो, जुन्या काचेवरचा फास्टॅग! तो काढताना खराब होतो. ज्या बँकेने दिला तिच्याकडून बदलून घ्या, नाहीतर टोलनाक्यावर डोक्याला हात लावायची वेळ येईल. नव्या नंबरप्लेटसोबत काचेवर आलेलं रंगीत स्टिकरही बदलून मागा.

शाळेच्या व्हॅनचं काय?

शिक्षक आणि पालक म्हणून आपल्याला सगळ्यात जवळचा भाग हा. व्हॅनवाल्या काकांच्या गाडीची काच तडकली, तर त्यांच्यापुढे अडचण पैशांइतकीच वेळेचीही असते. सकाळची फेरी संपल्यावर काच बदलायची आणि दुपारी शाळा सुटायच्या आत दारात उभं राहायचं. एक फेरी चुकली की पालकांचे फोन. मग "तासाभरात देतो" म्हणणारा पहिला दुकानदारच त्यांना बरा वाटणार. यात त्यांचा दोष किती आणि आपल्या घाईचा किती, याचा विचार करायला हवा.

आपल्याला करता येईल ते साधं आहे. शाळेने किंवा पालकांनी काकांना सांगावं, "काच नीट बसवून घ्या. उद्या आम्ही मुलांना आळीपाळीने आणतो-नेतो. त्या दिवसाचे पैसे कापणार नाही." एका दिवसाची धावपळ आपण वाटून घेतली, तर चिकटथर सुकायला लागणारा वेळ त्या गाडीला मिळतो. आपली मुलं रोज त्याच काचेमागे बसतात.

वर्गासाठी उपक्रम

मुलांच्या जोड्या करा. एक ग्राहक, एक दुकानदार. ग्राहकाने वरचे सहा प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारायचे. दुकानदाराने कधी खरं, कधी टाळाटाळीचं उत्तर द्यायचं. बाकी वर्गाने ओळखायचं : कुठल्या उत्तरात कारण होतं आणि कुठल्या उत्तरात नुसतं "काळजी करू नका" होतं? मग घरी जाऊन प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या गाडीच्या काचेवरची खूण वहीत उतरवून आणायची.

तुमच्या भागात काच बसवून घेताना तुम्ही कोणते प्रश्न विचारले आणि काय उत्तरं मिळाली, हे पुढच्या पालकसभेत जरूर सांगा. दुसऱ्या कुणाला तरी उद्याच त्याची गरज पडेल.