पिकअप सुरू होण्यास त्रास देते? आधी डिझेलची वाट तपासा

भाजीपाला भरलेली पिकअप पहाटे लवकर सुरू होत नाही व चढाला ओढत नाही, तेव्हा शेतकरी बंधूंनी पंप खोलण्याची घाई करू नये. तो खर्च पुष्कळदा वाया जातो. आधी डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे, चोंदलेला फिल्टर बदलावा. सैल क्लिप किंवा तडकलेल्या नळीतून हवा शिरली की उभ्या गाडीतील डिझेल रात्रीतून टाकीकडे उतरते. फिल्टरजवळील हातपंप मारल्यावर इंजिन लगेच सुरू झाले, तर दोष येथेच समजावा. ओढताना काळा धूर येत असल्यास एअर फिल्टर पाहावा. थंडीत सुरू करताना पांढरा धूर आल्यास ग्लो प्लग. कॉमन रेल इंजिनाची उच्च दाबाची नळी मात्र स्वतः कधीही सैल करू नये. तीत दाब १००० बारच्या पुढे जातो, डिझेलची धार कातडीत घुसते.