आधी मोजमाप पुस्तिका, मग एआय

ग्रामपंचायतीचा खर्च एआयकडून तपासून घेऊ पाहणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं, की यंत्र कुठलं घ्यायचं यावर खल करत बसू नका. त्याच्यापुढे कागद कुठला ठेवणार ते ठरवा. ‘ई-ग्रामस्वराज’ पोर्टलवर पंधराव्या वित्त आयोगाचा निधी कुठे गेला ते दिसतं, म्हणून ‘सगळं ऑनलाइन आहे, आणखी काय पाहिजे?’ हे उत्तर ठरलेलं. ते ऐकून अजूनही डोकं तापतं. पैसे दिल्याची नोंद म्हणजे काम नव्हे. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड रस्त्याला ४५ घनमीटर काँक्रीट लागतं. जाडी ०.१० मीटरच भरली, तर ३० घनमीटरमध्ये भागतं आणि पोर्टलवरची नोंद मात्र बिनचूक राहते. अंदाजपत्रक, झालेल्या कामाची मापं नोंदवणारी मोजमाप पुस्तिका आणि बिल शेजारी-शेजारी ठेवलं तरच एआय तफावत दाखवतो. पुस्तिकेतच खोटी जाडी लिहिली असेल, तर तोही हात टेकतो; तिथे रस्त्याच्या कडेला टेप लावावी लागते.

आता कागद कसे मिळतात ते बघा. तिरपे काढलेले मोबाइलचे फोटो, नेमका आकड्यावर उठलेला शिक्का, हाताने लिहिलेला १ की ९ ते कळू नये असं अक्षर. यंत्र १०० चे ९०० वाचतं आणि तेवढ्या एका आकड्यावरून ‘तुमचं एआयच चुकतं’ म्हणत बाकीचे सगळे खरे प्रश्न बाजूला सारले जातात. पुसट प्रत देणाऱ्यांनीच वाचणाऱ्याला चुकीचं ठरवायचं, ही वागणूक मला सर्वांत जास्त लागते. म्हणून यंत्राने काढलेला प्रत्येक आकडा मूळ पानाशी डोळ्यांनी ताडून, पान क्रमांकासह मांडा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ नुसार काम आणि कागदपत्रं प्रत्यक्ष पाहता येतात, संगणकातली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागता येते. अर्जात तसं स्पष्ट लिहा. मजुरांची नावं झाकल्याशिवाय हजेरीपट कुठेही अपलोड करू नका.

यातून प्रामाणिक ग्रामसेवक बदनाम होतील, हा आक्षेप रास्त आहे. एकाच ठेकेदाराला सगळी कामं गेल्याचं एआयने दाखवलं, तरी कदाचित त्या भागात मिक्सर त्याच्याकडेच असेल. त्यामुळे एआयचं उत्तर हा प्रश्न समजा, आरोप नव्हे, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्याआधी पंचायतीला विचारा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाईत बिलं वाचून दाखवली ती संगणकाशिवाय, मग एआय कशाला, असंही विचारतात. गठ्ठ्यातून नेमकं पान काढायला. खरं-खोटं तेव्हाही गावानेच ठरवलं, आताही गावच ठरवेल. ऑगस्ट २०२५ पासून केंद्राचं पंचायती राज मंत्रालय ‘सभासार’ नावाच्या एआय साधनाने ग्रामसभांची इतिवृत्तं तयार करतं आहे. बोलणं टिपता येतं, तर मोजमाप पुस्तिकेचं पान स्वच्छ स्कॅन करणं अशक्य आहे हे मला मान्य नाही. येत्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: बिल देण्याआधी पुस्तिकेचं पान सर्वांना वाचता येईल असं जाहीर करावं. आणि तो इतिवृत्तात आला का, ते स्वतः वाचून पाहा.