खुल्या वैज्ञानिक नोंदी : आरोग्य व पर्यावरण संशोधनाचा पाया

रोगाची साथ देशांच्या सीमा जुमानत नाही. नदीचे प्रदूषणही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहत जाते. अशा प्रश्नांचा अभ्यास एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातील नसतो. त्यासाठी ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र याव्या लागतात आणि त्या सर्व अभ्यासकांना वेळेवर मिळाव्या लागतात. गेल्या तीस वर्षांत या दिशेने झालेले प्रयत्न आणि त्यांतून पुढे आलेला न्याय्य वाटणीचा प्रश्न, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

चोवीस तासांचा नियम

मानवाच्या संपूर्ण जनुकक्रमाचे वाचन करण्याचा प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला. त्यात पुढे सहा देशांतील वीस केंद्रे सहभागी झाली. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा येथे भरलेल्या बैठकीत एक महत्त्वाचा निर्णय झाला. जनुकक्रमाचा जो भाग जुळून तयार होईल, तो शक्यतो चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुला करावयाचा, असे ठरले. शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंत नोंदी स्वतःजवळ ठेवण्याची रूढी यामुळे मोडली गेली.

उपग्रहाच्या प्रतिमा

पर्यावरणाच्या क्षेत्रातील उदाहरण लँडसॅट उपग्रहांचे आहे. १९७२ पासून हे अमेरिकी उपग्रह भूपृष्ठाची छायाचित्रे घेत आहेत. पूर्वी एकेका प्रतिमेसाठी शेकडो डॉलर मोजावे लागत, त्यामुळे अनेक विद्यापीठांना त्या परवडत नसत. २००८ मध्ये हा संग्रह विनामूल्य खुला करण्यात आला. त्यानंतर २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी सुमारे साडेसहा लाख प्रतिमा अभ्यासून जगातील जंगलांचा नकाशा तयार केला. २००० ते २०१२ या काळात सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर वनाच्छादन नष्ट झाल्याचे त्यातून दिसून आले. प्रतिमा विकत घ्याव्या लागल्या असत्या, तर एवढा व्यापक अभ्यास करणे कठीणच होते.

साथीच्या काळातील सहा दिवस

साथीच्या वेळी नोंदी किती लवकर खुल्या होतात, यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. कोरोना विषाणूचा जनुकक्रम चीनमधील शास्त्रज्ञ चांग योंगचेन यांच्या प्रयोगशाळेला ५ जानेवारी २०२० रोजी उलगडला होता, परंतु तो जगापुढे आला ११ जानेवारीस. सुमारे तीस हजार अक्षरांचा तो क्रम हाती येताच काम वेगाने सुरू झाले. बर्लिनच्या शास्त्रज्ञांची निदान चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने १३ जानेवारीस प्रसिद्ध केली. १६ मार्च रोजी, म्हणजे अवघ्या नऊ आठवड्यांत, लसीची पहिली मात्रा चाचणीसाठी माणसाला देण्यात आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनेही भारतातील पहिल्या रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूंचे जनुकक्रम ‘जीआयएसएआयडी’ या आंतरराष्ट्रीय संग्रहात दिले. डिसेंबर २०२० मध्ये भारतात दहा प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे उभारण्यात आले. त्यांपैकी दोन प्रयोगशाळा पुण्यातील होत्या.

देणाऱ्याच्या पदरी काय?

मात्र माहिती देणाऱ्याला तिचा लाभ मिळेलच असे नाही. २००७ च्या प्रारंभी इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने देणे थांबविले. आपल्या नमुन्यांवरून इतरत्र तयार होणारी लस आपल्याच जनतेला परवडणार नाही, ही त्या देशाची तक्रार होती. पुढे २०११ मध्ये इन्फ्लुएन्झाचे विषाणू आणि त्यांपासून मिळणारे लाभ यांच्या वाटपाची चौकट जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती तत्परतेने जगाला दिली, तेव्हा काही दिवसांतच अनेक देशांनी तेथील प्रवाशांवर बंदी घातली. प्रामाणिकपणाची अशी किंमत मोजावी लागली, तर पुढच्या वेळी माहिती देणारा कचरेल, हे उघड आहे. मे २०२५ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या महासाथ करारात लाभाच्या वाटणीचे तत्त्व मान्य झाले, पण तपशील स्वतंत्र जोडपत्रावर सोपविण्यात आले.

काही पथ्ये

खुलेपणालाही पथ्ये असतात. नमुना कोठे, केव्हा व कोणत्या पद्धतीने घेतला, हे नोंदले नसेल तर ती नोंद इतरांच्या उपयोगी पडत नाही. रुग्णाचे नाव व पत्ता मात्र गुप्तच राहिला पाहिजे. ज्यांनी नोंदी घेतल्या, त्या शास्त्रज्ञांचे श्रेयही मान्य व्हावयास हवे.

या सर्व प्रयत्नांचे मूळ शेवटी गावपातळीवर आहे. आरोग्य केंद्रातील तंत्रज्ञाने नमुन्यावर अचूक लिहिलेली तारीख आणि जलमापन केंद्रावरील कर्मचाऱ्याने रोज नेमाने घेतलेली नोंद यांवरच दूरच्या शास्त्रज्ञाचा निष्कर्ष उभा राहतो. त्या निष्कर्षाचे फळ त्यांच्या गावापर्यंत परत पोहोचले, तरच नोंदी खुल्या करण्याचा हेतू पूर्ण झाला असे म्हणता येईल.