दूरच्या शेतातली प्रार्थना

आजचं वाचन: १ थेस्सलनीकाकर २:९ आणि ५:१६-१८

एकाच पत्रात पौल दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या अध्यायात तो थेस्सलनीकाकरांना आठवण करून देतो, की कुणावर भार पडू नये म्हणून मी तुमच्यात रात्रंदिवस कष्ट केले. पाचव्या अध्यायात तोच पौल म्हणतो, प्रार्थना करत राहा, खंड पडू देऊ नका. हा माणूस तंबू शिवून पोट भरायचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). रात्रंदिवस काम आणि अखंड प्रार्थना, दोन्ही एकाच चोवीस तासांत बसवायचं कसं?

आपल्यापैकी बरेच जण याचं एक सोपं उत्तर देतात: "माझं काम हीच माझी प्रार्थना." वर 'ओरा एत लाबोरा' या बेनेडिक्टाइन ब्रीदाचा दाखलाही देतात. त्याचा अर्थ, प्रार्थना कर आणि काम कर. पण त्यात 'आणि' आहे, 'म्हणजेच' नाही. गंमत म्हणजे संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत हे ब्रीद या शब्दांत कुठेच नाही. मग तिच्यात आहे तरी काय?

संत बेनेडिक्ट यांचा जन्म ४८० च्या सुमाराला इटलीतल्या नुर्सिया गावी झाला. मोंते कासिनोच्या मठासाठी त्यांनी जी नियमावली लिहिली तिचे ७३ छोटे छोटे अध्याय आहेत. प्रार्थनेच्या वेळा आहेतच, पण जेवण किती, झोप किती, स्वयंपाकघरात पाळी कुणाची, हेही आहे. त्यातले चार अध्याय आपल्यासारख्या प्रापंचिकांनी आवर्जून वाचावेत.

४३ वा अध्याय सांगतो, प्रार्थनेची खूण ऐकू आली की हातातलं काम तिथेच ठेवा आणि निघा. सामुदायिक प्रार्थनेला बेनेडिक्ट 'देवाचं काम' म्हणतात, आणि दुसरं कोणतंही काम त्याच्यापुढे ठेवू नका असं बजावतात. काम संपल्यावर या, असं ते म्हणत नाहीत. काम कधी संपतं का? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एक तिकीट बंद होईपर्यंत दोन नवी उघडलेली असतात.

३१ वा अध्याय मठाच्या भांडाऱ्याबद्दल आहे. मठातली भांडी, अवजारं, सगळ्या वस्तू त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारख्या हाताळाव्यात. म्हणजे प्रार्थनेसाठी काम बाजूला ठेवायचं ते काम हलकं आहे म्हणून नव्हे. कुदळीलाही मान आहे.

५७ वा अध्याय कारागिरांचा. आपल्या कौशल्यामुळे मठाचं भलं होतंय असा गर्व ज्याला चढला, त्याला त्या कामावरून काढा. तो नम्र झाला, तरच मठाधिपतींनी त्याला पुन्हा ते काम द्यावं. मला वाटतं, काम मधेच थांबवण्याचं खरं कारण इथे सापडतं. जे काम आपण देवासाठीसुद्धा पाच मिनिटं खाली ठेवू शकत नाही, ते हळूहळू आपला देव होऊन बसतं. मग "माझं काम हीच माझी प्रार्थना" हे वाक्य खरं ठरतं, पण भलत्याच अर्थाने!

आता कुणी म्हणेल, "मठात ठीक आहे, पण मी दुपारी मीटिंगमध्ये असतो. चर्च राहिलं लांब." हीच अडचण ५० व्या अध्यायात आहे. जे बंधू इतक्या दूर कामाला गेले आहेत की वेळेवर प्रार्थनागृहात पोचू शकत नाहीत, त्यांनी जिथे काम करत असतील तिथेच, देवाचं भय बाळगून, गुडघे टेकून प्रार्थना करावी. प्रवासात असलेल्यांनीही ठरलेल्या वेळा जमेल तशा पाळाव्यात. प्रार्थनागृह लांब राहिलं म्हणून वेळ चुकवायची नाही. आपण प्रापंचिक म्हणजे दूरच्या शेतात गेलेली माणसंच नाही का?

रोमच्या संत फ्रान्सेस्का (१३८४-१४४०) अशाच दूरच्या शेतातल्या. चाळीस वर्षं संसार केला, मुलं वाढवली, मोठं घर सांभाळलं. घरात राहून बेनेडिक्टाइन वळणाने जगणाऱ्या रोमन स्त्रियांचा गटही त्यांनी उभा केला. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात. त्या स्तोत्र म्हणत होत्या आणि एकाच ओळीवर त्यांना चार वेळा घरकामासाठी उठावं लागलं. पाचव्यांदा येऊन बसल्या, तर ती ओळ सोनेरी अक्षरांत लिहिलेली दिसली. ही गोष्ट सांगताना आपण त्यांच्या उठण्याचं कौतुक करतो. पण त्या चारही वेळा परत आल्या, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

आणि आपल्याकडे हे नवीन नाही. वसईच्या जुन्या माणसांना विचारा, दुपारच्या घंटेला हातातलं काम थांबवून अँजेलस म्हणणं म्हणजे काय ते. मठातली ठरलेल्या वेळेची शिस्तच त्या घंटेबरोबर शेतापर्यंत आली.

तर आजपासून एवढंच करून बघूया. फोनवर दुपारी बाराचा अलार्म लावा. तो वाजला की अर्धवट वाक्य अर्धवटच ठेवा आणि अँजेलस म्हणा. पाठ नसेल तर एक 'नमो मरिया'. मीटिंगमध्ये असाल तर मनातल्या मनात, लोकलमध्ये असाल तर उभ्या उभ्या. मग त्याच कामाकडे परत या, आणि लॅपटॉप असो की लाटणं, वेदीवरची वस्तू उचलावी तसं हातात घ्या. बाराचे सव्वाबारा झाले तर सोडून देऊ नका, सव्वाबाराला म्हणा.

प्रार्थना: प्रभू येशू, नाझरेथमध्ये तूही हातांनी काम केलंस आणि पहाटे एकांतात पित्याशी बोललास. तुझी हाक आली की हातातलं काम खाली ठेवायचं धैर्य मला दे, आणि ते पुन्हा उचलताना प्रेम दे. आमेन.