मालवाहू पिकअपच्या हौद्याचे अस्तर : निवड आणि पडताळणी

कर्ज घेऊन खरेदी केलेल्या मालवाहू वाहनाची निगा म्हटली की इंजिन, टायर आणि विमा या तीन गोष्टींचा विचार प्रथम होतो. ज्याच्यासाठी वाहन घेतले जाते तो हौदा मात्र बहुधा शेवटी आठवतो. वस्तुतः उत्पन्न मिळवून देणारा भाग तोच आहे. नवे वाहन हार घालून शाखेच्या दारात उभे राहते तेव्हा हौद्याचा रंग चकचकीत असतो. पहिल्या चार-सहा खेपांतच दगड, लोखंडी सळया किंवा दुधाचे कॅन यांनी तो ओरबाडला जातो. उघड्या पडलेल्या पत्र्यावर पावसाचे पाणी पोहोचले की गंजाला प्रारंभ होतो. कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे असावेत आणि हौद्याचा तळ तिसऱ्या वर्षीच चाळणीसारखा व्हावा, ही स्थिती कर्जदाराच्या हिताची नाही. आणि वाहन तारण असल्याने बँकेच्याही नाही.

या दुखण्यावरील एक उपाय म्हणजे हौद्यात आतून फवाऱ्याने बसविले जाणारे अस्तर. त्याचे मूळ अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या मॉडेल टी मोटारीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलर किमतीस विक्रीस आणली आणि पिकअप हा प्रकार त्या देशाच्या शेतशिवारात रुजला. हौद्याचा पत्रा वाचविण्यासाठी तेथे आधी प्लास्टिकचे तयार साचे आले व नंतर फवारणीचे अस्तर आले. भारतात २००५ मध्ये टाटा एस बाजारात आल्यानंतर लहान मालवाहू वाहनांचा वर्ग झपाट्याने विस्तारला आणि अशा अस्तराची गरज असलेला ग्राहकही वाढला.

फवाऱ्याचे अस्तर नेमके काय असते

हे अस्तर म्हणजे जाड रंग नव्हे. दोन स्वतंत्र द्रव फवाऱ्याच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पत्र्यावर पडताच त्यांची रासायनिक क्रिया होऊन रबरासारखा चिवट थर तयार होतो. त्यांतील एक द्रव आयसोसायनेट वर्गातील असतो. दुसरा द्रव पॉलिऑल असेल तर पॉलियुरेथेन तयार होते आणि अमाइन असेल तर पॉलियुरिया. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये विकसित केले. फवारणीयोग्य पॉलियुरिया १९८० च्या दशकात अमेरिकेत पुढे आले. दोहोंचे मिश्रण असलेले संकरित प्रकारही मिळतात.

ग्राहकाच्या दृष्टीने यांतील फरक महत्त्वाचा आहे, कारण तो हवामानाशी निगडित आहे. आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. दमट हवेत पॉलियुरेथेन फवारल्यास थरात बुडबुडे राहण्याचा धोका असतो. पॉलियुरिया काही सेकंदांतच घट्ट होत असल्याने त्याला दमटपणाचा त्रास कमी होतो. पण हीच घाई त्याची उणीवही ठरते. पृष्ठभागाच्या बारीक खाचांत मुरण्यास त्याला पुरेसा अवधी मिळत नाही, त्यामुळे पत्रा नीट तयार केलेला नसेल तर चिवट थर अखंड सालीसारखा सुटून येतो. शिवाय पॉलियुरियासाठी दोन्ही द्रव तापवून उच्च दाबाने फवारणारे यंत्र लागते. साध्या रंगकामाच्या फवाऱ्याने ते होत नाही. यंत्र कोणते आहे, हा प्रश्न कोणत्याही कार्यशाळेत सर्वप्रथम विचारावा.

दुसरा फरक कडकपणाचा. रबरी पदार्थांचा कडकपणा शोअर या मापाने सांगतात; मऊ पदार्थांसाठी ‘ए’ आणि कडक पदार्थांसाठी ‘डी’ अशा त्याच्या श्रेणी आहेत. मऊ अस्तरावर माल घसरत नाही. नाशिकहून द्राक्षांचे क्रेट घेऊन घाट उतरणाऱ्या वाहनाला याचा थेट उपयोग आहे. कडक अस्तर घासण्याला आणि कापले जाण्याला अधिक दाद देत नाही. कोकणात जांभ्याचे चिरे वाहणाऱ्याने तेच घ्यावे. मात्र त्यावर खोके सरकतात आणि माल दोराने बांधण्यावाचून गत्यंतर नसते. दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात असल्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडे थोड्या संशयाने पाहिलेले बरे.

उन्हाचा विचारही करावा लागतो. स्वस्त अस्तरे बहुधा ‘अॅरोमॅटिक’ प्रकारची असतात. उन्हातील अतिनील किरणांनी ती फिकट व खडूसारखी होतात. ‘अॅलिफॅटिक’ प्रकार रंग टिकवितो, परंतु महाग असतो. रंग उडाल्याने अस्तराचे काम लगेच थांबत नाही, त्यामुळे मालवाहू वाहनासाठी हा खर्च बहुतेकांनी टाळला तरी चालण्यासारखे आहे. अपवाद उष्ण प्रदेशातील भाजी वाहतुकीचा. काळा हौदा विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्याच्या दुपारी किती तापतो हे सांगावयास नको. तेथे फिकट रंगाचे अस्तर घेतल्यास जादा पैसे मालाच्या रूपाने परत येऊ शकतात.

अस्तराखाली काय आहे?

अस्तराच्या यशापयशाचे खरे उत्तर फवारणीत नसून त्याआधीच्या सफाईत आहे. लोखंड गंजते तेव्हा गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक होते आणि तो वरचा थर उचलून धरतो. क्लोराइड असल्यास ही क्रिया वेगाने होते. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून किंवा गुजरातच्या वेरावळहून मासळी नेणाऱ्या वाहनात बर्फाचे खारे पाणी सतत झिरपते. खतांची वाहतूक करणाऱ्याचीही तीच अवस्था असते, कारण म्युरिएट ऑफ पोटॅश या नावाने विकले जाणारे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच होय. अशा हौद्यातील गंज व क्षार न काढता वरून अस्तर मारले तर आजार झाकला जातो, थांबत नाही. उलट आत अडकलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि मालकाला छिद्र पडेपर्यंत काही दिसतही नाही. अस्तर नसलेला हौदा निदान आपली दुरवस्था लपवीत नाही.

त्यामुळे अस्तर घेण्याची उत्तम वेळ म्हणजे वाहन नवे असताना, पहिली खेप भरण्यापूर्वी. जुन्या वाहनाच्या बाबतीत गंज धातू दिसेपर्यंत काढणे, तेलकटपणा व क्षार धुणे, सर्व पृष्ठभाग खरबरीत करणे आणि योग्य प्रायमर लावणे ही कामे आधी झाली पाहिजेत. उरलेला जुना रंग चकचकीत राहिला तर त्यावर अस्तर धरत नाही. हे काम वेळखाऊ असल्याने काटछाट नेमकी येथेच होते. ग्राहकाने शक्य असल्यास सफाई पूर्ण झाल्यावर, फवारणीच्या अगोदर, हौदा स्वतः पाहावा. कामाच्या दिवशी एका सुट्या पत्र्याच्या तुकड्यावर त्याच पद्धतीने सफाई व फवारणी करून तो तुकडा मागून घ्यावा. दुसऱ्या दिवशी त्याची कड स्क्रू-ड्रायव्हरने उचलून पाहता येते. चांगला थर फाटेल, पण सालीसारखा निघणार नाही.

पावसाळ्याबाबत एक नियम रंगलेपनाच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे : धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने अधिक असावे. हवेचे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे पत्रा किमान २९ अंशांचा हवा. किनारपट्टीवर जुलैमधील सकाळी रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीचा पत्रा तितका गरम नसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारा दमटपणा असतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामासाठी अधिक सोयीचे होत.

लिटरचा हिशेब

जाडीच्या संदर्भात ग्राहकाची फसगत सहज होऊ शकते, कारण काळा खरबरीत थर अर्ध्या मिलिमीटरचा आहे की तीन मिलिमीटरचा हे वरून कळत नाही. येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. समजा हौदा अडीच मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. तळाचे क्षेत्रफळ ४.२५ चौरस मीटर आणि चारही बाजूंचे मिळून ३.३६ चौरस मीटर, एकूण सुमारे साडेसात चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी येण्यासाठी एक लिटर पदार्थ लागतो. सर्वत्र तीन मिलिमीटरचा थर हवा असेल तर साडेबावीस लिटर लागतील आणि त्याचे वजन साधारण २३ ते २५ किलो भरेल. तळाच्या पत्र्याला पन्हाळी असतील तर त्याहूनही थोडे अधिक.

आता एखाद्या ठिकाणी चार लिटरच्या संचात संपूर्ण हौदा करून देण्याची तयारी असेल, तर सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येणार हे उघड आहे; पदार्थात उडून जाणारे द्रावक असेल तर त्याहूनही कमी. हलक्या घरगुती वापरास तेवढे पुरेल. सळया, दगड किंवा यंत्रांचे सुटे भाग वाहणाऱ्यास नाही. तळ व फाळक्याची आतली बाजू जाड आणि बाजू थोड्या पातळ ठेवून खर्च कमी करता येतो. तशी विभागणी दरपत्रकात मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. काही वेळा गाडीच्या खालच्या अंगाला मारावयाचे डांबरयुक्त गंजरोधक लेपन हौद्यासाठीही सुचविले जाते. ते उष्णतेने मऊ पडते आणि डिझेल सांडल्यास विरघळते. त्याची जागा खालीच आहे.

फवारणीपूर्वी सर्व वेल्डिंग उरकून घेणे अत्यावश्यक आहे. दोर अडकविण्याचे हुक, जाळी, ताडपत्रीचे कमानपट्टे यांचा निर्णय नंतरसाठी ठेवू नये. अस्तर बसल्यावर त्या जागी वेल्डिंग केल्यास अस्तर जळून विषारी धूर होतो. म्हणून तेवढा भाग आधी खरवडून काढावा लागतो आणि चांगले बसलेले अस्तर काढणे हे मोठे जिकिरीचे काम आहे. बिजागऱ्या, कड्या आणि पाणी निघून जाण्याची भोके झाकून मगच फवारणी झाली पाहिजे. भोके बुजली तर हौद्याचे टाके होते.

सुरक्षिततेचे दोन मुद्दे

आयसोसायनेट हे नाव भारतात भोपाळच्या स्मृतीशिवाय उच्चारले जात नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तेथे गळती झाली ती मिथाइल आयसोसायनेटची. अस्तरासाठी वापरले जाणारे आयसोसायनेट वेगळे व फारच कमी बाष्पनशील असते. तथापि फवारणीच्या तुषारांतून ते श्वसनमार्गात गेल्यास कायमस्वरूपी दमा जडू शकतो. कारागिराला बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा आणि बंदिस्त, वायुवीजन असलेली खोली मिळते का, हे पाहणे ग्राहकालाही कठीण नाही. तोंडाला रुमाल बांधून उघड्या गल्लीत फवारणी करणारी कार्यशाळा पत्र्याच्या सफाईतही काटेकोर असण्याचा संभव कमीच. पूर्ण घट्ट झालेल्या अस्तरापासून हा धोका राहत नाही.

दुसरा मुद्दा इंधनाचा. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या हौद्यात पेट्रोलचा डबा ठेवून तो तेथेच भरल्यास डब्यावर स्थिर विद्युत साठते, तिला जमिनीकडे वाट मिळत नाही आणि ठिणगी पडू शकते. अशा आगींबाबत अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये इशारा दिला होता. पंपासाठी किंवा फवारणी यंत्रासाठी इंधन नेणाऱ्या शेतकऱ्याने डबा खाली उतरवून जमिनीवर ठेवूनच भरावा.

फवारणीचे अस्तर प्रत्येकालाच हवे असे नाही. सुटे प्लास्टिकचे साचे स्वस्त असतात, परंतु त्यांच्याखाली पाणी व वाळू अडकते आणि गाडीच्या हादऱ्यांनी रंग घासला जातो. जाड रबरी चटई उचलून धुता येते; केवळ दुधाचे कॅन किंवा भाजीचे क्रेट नेणाऱ्यास, ती दर आठवड्याला उचलण्याची शिस्त असल्यास, तीच किफायतशीर ठरेल. चेकर प्लेट आघात उत्तम सोसते, मात्र वजन वाढविते, आणि वाढलेला प्रत्येक किलो वाहून नेता येणाऱ्या मालातून वजा होतो. खारे पाणी किंवा खत नेहमी वाहणाऱ्यासाठी मात्र फवाऱ्याच्या सलग, सांधेविरहित थराला तोड नाही.

अस्तराचा खर्च वाहनकर्जात अंतर्भूत होऊ शकतो किंवा कसे, हे कर्जमंजुरीपूर्वीच शाखेत विचारावे. त्यासाठी कार्यशाळेचे लेखी दरपत्रक लागेल. दरपत्रकात पदार्थाचा प्रकार, जाडी, सफाईची पद्धत आणि हमीची व्याप्ती असावी. ‘आजीवन हमी’ असे शब्द असतील तर ते सुटलेल्या कडांना लागू आहेत का, व्यावसायिक वापराला लागू आहेत का, हे विचारून घ्यावे. वाहन उत्पादकाच्या गंजविषयक हमीवर अस्तराचा काय परिणाम होतो, तेही विक्रेत्याकडून लेखी घेतलेले बरे. विमा पॉलिसीत अस्तराची अतिरिक्त साधन म्हणून नोंद करता येते का, याची चौकशी नूतनीकरणाच्या वेळी करता येईल.

काम झाल्यावर माल कधी भरावा हे पदार्थाच्या उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरवावे. थर हाताला सुका लागला म्हणजे तो पूर्ण तयार झाला असे नव्हे. पहिल्या पावसाळ्यानंतर हौदा स्वच्छ धुऊन फाळक्याच्या कडा, बोल्टभोवतालची जागा आणि कोपरे नखाने तपासावेत. कड सुटलेली आढळल्यास तिच्याखाली पाणी शिरण्याआधी, हमीच्या मुदतीत, छायाचित्र आणि देयकाची प्रत घेऊन वाहन कार्यशाळेत न्यावे.